दामोदर कोसंबी आणि यंत्रांचा वाद

विंडोज बरी की लिनक्स, फोन अँड्रॉइडचा घ्यावा की ॲपलचा, प्रोसेसर इंटेलचा असावा की एएमडीचा, यावर तावातावाने बोलणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. या वादांत आकडे थोडे आणि निष्ठा फार. ज्याने जे यंत्र घेतले त्याची बाजू तो कुळाचारासारखी सांभाळतो. हे सारे गेल्या तीस-चाळीस वर्षांतले, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात गणन करणारे यंत्र कोणत्या जातीचे असावे आणि ते विकत आणावे की घरी बांधावे, हा वाद आपल्या देशात पहिला संगणक येण्याआधीच उभा राहिला होता. त्याच्या अगदी आरंभीच्या पानावर एका गोमंतकीयाचे नाव आहे.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांना गोवा ओळखतो तो इतिहासकार म्हणून. त्यांच्या नावाने पणजीत विचारमहोत्सव भरतो, त्यांच्या ग्रंथांवर चर्चा होतात, जुन्या काबिजादींतील गावकरी व्यवस्थेवरचा त्यांचा निबंध आजही अभ्यासकांना लागतो. पण कोसंबींचा पेशा गणिताचा होता, पगार त्यांनी आयुष्यभर गणिताचाच घेतला, आणि यंत्रांविषयी त्यांची मते ठाम होती. त्या मतांची किंमतही त्यांना मोजावी लागली.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील आचार्य धर्मानंद कोसंबी मूळचे सांखवाळचे. बुद्धाच्या ओढीने घर सोडून नेपाळ, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश पालथे घालणारा हा माणूस, ज्याने पुढे आपली कथा ‘निवेदन’ या आत्मचरित्रात सांगितली, तो हार्वर्ड विद्यापीठाच्या बोलावण्यावरून ‘विशुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेला जात असे. १९१८ साली अशाच एका फेरीत त्यांनी मोठी कन्या माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना बरोबर नेले. पोर्तुगीज अमलातल्या गोव्याशी आणि पुण्याशी नाते असलेला हा मुलगा मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजच्या शाळेत वाढला.

तिथे त्याचा परिचय नॉर्बर्ट वीनर यांच्याशी झाला. वीनर वयाने तेरा वर्षांनी मोठे. बालवयातच विद्वत्तेसाठी गाजलेले आणि पुढे १९४८ साली ‘सायबरनेटिक्स’ लिहून माणूस आणि यंत्र यांच्यातील नियंत्रणाचे शास्त्र मांडणारे. त्याच केंब्रिजमध्ये, एमआयटी या संस्थेत, व्हॅनेव्हर बुश यांनी १९३१ साली अवकलन समीकरणे सोडवणारे एक अजस्र यांत्रिक उपकरण उभे केले. गणिताला यंत्राची जोड मिळू लागली होती ती याच गावात, आणि कोसंबींची घडण झाली तीही इथेच. मधल्या काळात एकदा भारतात येऊन ते पुन्हा हार्वर्डला गेले आणि १९२९ साली सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाले. जॉर्ज बर्कहॉफसारखे गणिती तिथे त्यांचे अध्यापक होते. संशोधनासाठी तिथेच राहण्याची सोय झाली नाही, म्हणून ते परतले.

प्रथम बनारस हिंदू विद्यापीठ, मग अलीगढ. अलीगढला त्यांना बोलावले ते आंद्रे वाइल या तरुण फ्रेंच गणितज्ञाने. १९३१ साली कोसंबींनी एका निबंधात बुर्बाकी नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाच्या सिद्धान्ताचा हवाला दिला. एका सहकाऱ्याची खोड मोडण्यासाठी वाइल यांनी सुचवलेली ती थट्टा होती. पुढे फ्रेंच गणितज्ञांच्या एका मंडळाने हेच नाव घेऊन विसाव्या शतकातील गणिताची मांडणी बदलली, आणि ते नाव छापून पहिल्यांदा आले ते या गोमंतकीयाच्या हातून, ही नोंद गणिताच्या इतिहासात कायमची राहिली. याच सुमारास नलिनी माडगावकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९३२ च्या सुमारास ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. तिथे त्यांचे वडीलही एके काळी पाली शिकवीत.

पुण्यातील बारा-तेरा वर्षांत त्यांनी जे केले त्यातला एक भाग इथे महत्त्वाचा. त्यांनी तक्षशिलेच्या साठ्यांतील चांदीची आहत नाणी हाती घेतली आणि त्यांचे वजन हा पुरावा मानला. नाणे जितके हातांतून फिरते तितके झिजते. तेव्हा वजनांच्या विखुरणीवरून कोणते नाणे किती काळ चलनात होते याचा अंदाज बांधता येतो. कल्पना सोपी, पण ती पक्की करायची तर नाणी एकामागून एक अचूक तराजूवर तोलायची, सरासरी आणि विचलने काढायची, आणि हे सगळे हाताने. संख्याशास्त्राचा असा उपयोग करणारा माणूस गणनयंत्राच्या मागे लागला नसता तरच नवल.

१९४३ साली त्यांचा एक निबंध इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचा आशय ढोबळपणे असा सांगता येईल. वर्षभराचे तापमान, एखाद्या कारखान्यातील विजेची मागणी, नदीची पातळी यांचे आलेख दर वर्षी थोडे निराळे येतात. पण अशा शेकडो वक्ररेषा समोर ठेवल्या तर त्या सगळ्या थोड्याशा मूळ आकारांच्या मिश्रणातून तयार झाल्या आहेत असे दाखवता येते. मूळ आकार सापडले, की प्रत्येक आलेखासाठी सगळे बिंदू जपून ठेवण्याची गरज नाही; कोणता आकार किती मिसळला एवढे चार-सहा आकडे पुरतात. पुढे कारी कारुनेन आणि मिशेल लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे हेच मांडले आणि जगाने त्यांचीच नावे त्याला दिली. आज प्रतिमा लहान जागेत साठवणे, चेहरे ओळखणे, वाऱ्याच्या आणि पाण्याच्या खळबळीचा अभ्यास करणे, अशा कितीतरी कामांत ही रीत वापरली जाते. कोसंबींचे नाव त्यात क्वचित येते. हा अन्याय आहे, पण त्याला कारणही आहे. निबंध महायुद्धाच्या ऐन धुमाळीत, भारतीय नियतकालिकात आला; युरोपच्या टेबलांवर तो पोहोचणार कसा?

याच विचारातून त्यांना यंत्र हवेसे झाले. संख्या मोजणारे नव्हे, सबंध वक्ररेषाच हाताळू शकेल असे विजेवर चालणारे उपकरण त्यांच्या मनात होते, आणि त्याला त्यांनी ‘कॉस्मोग्राफ’शी साम्य असलेले, आपल्या आडनावाची सावली असलेले ‘कॉस्मॅग्राफ’ असे नाव दिले. इथे दोन जातींच्या यंत्रांचा फरक समजून घ्यायला हवा, कारण त्या काळचा मोठा वाद तोच होता. किराणा दुकानातला जुना तराजू आठवा. तो मोजत नाही, मापतो. पारड्याचे झुकणे हेच वजनाचे रूप असते. अनुरूप जातीचे गणनयंत्र असेच: संख्येच्या जागी विजेचा दाब किंवा चाकाचे फिरणे ठेवायचे आणि निसर्गाच्या नियमालाच उत्तर काढू द्यायचे. दुसरी जात बोटांवर हिशेब करणाऱ्याची. ती प्रत्येक गोष्ट आकड्यांत उतरवते आणि एकेक पायरी चढत उत्तरापाशी जाते. आपल्या आजच्या खिशातला फोन याच दुसऱ्या जातीचा वंशज.

आज निकाल लागलेला असल्यामुळे १९४० च्या दशकात तो किती अनिश्चित होता हे कळणे कठीण जाते. अनुरूप यंत्र जलद होते, स्वस्त होते, अवकलन समीकरणांच्या कामात तरबेज होते. पण त्याची अचूकता उपकरणाच्या सुबकतेवर टांगलेली. हजारात एखाद्या भागाची चूक राहणारच. आकडी यंत्र सुरुवातीला बोजड, महाग आणि नळ्या जळून बंद पडणारे, पण त्यात अचूकता हवी तितकी वाढवता येई, आणि मुख्य म्हणजे काम बदलायचे तर तारा न बदलता आज्ञा बदलून भागे. हा शेवटचा गुणच निर्णायक ठरला. कोसंबींच्या बेतातून वापरात आलेले, चालते यंत्र काही उभे राहिले नाही. यंत्राची जात निवडताना त्यांनी हरणारा घोडा पकडला असे म्हणता येईल. तरी ज्या प्रश्नासाठी तो पकडला तो प्रश्न अस्सल होता, आणि आकडी यंत्रे जिंकल्यावर त्याचे उत्तर त्यांच्यावरच काढले गेले.

होमी भाभा यांनी १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली आणि गणिताचे प्राध्यापक म्हणून कोसंबींना बोलावले. संस्थेचा मुंबईतला आरंभ पेडर रोडवरच्या केनिलवर्थ या बंगल्यात झाला. कोसंबी तिथे सोळा वर्षे होते, पण मुक्काम त्यांनी पुण्यातच ठेवला, भांडारकर संस्थेच्या रस्त्यावरील घरी. डेक्कन क्वीनने मुंबईला जायचे आणि संध्याकाळी परतायचे, हा त्यांचा क्रम पुणे-मुंबईच्या विद्वद्वर्तुळात प्रसिद्ध होता. तीन-साडेतीन तासांच्या त्या प्रवासात ते वाचीत आणि लिहीत.

१९४८ साली युनेस्कोची शिष्यवृत्ती घेऊन ते इंग्लंड-अमेरिकेला गेले, आणि त्या दौऱ्याचा विषय होता विद्युत-गणनयंत्रे. योग्य वेळ याहून कोणती असणार? त्याच वर्षी २१ जून रोजी मँचेस्टरमध्ये, आज्ञावली स्वतःच्या स्मृतीत साठवणाऱ्या यंत्राने पहिला कार्यक्रम चालवून दाखवला होता. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाचे एडसॅक सुरू झाले. प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेत जॉन फॉन नॉयमान यांचे यंत्र बांधले जात होते. कोसंबी १९४९ साली शिकागो विद्यापीठात भूमिती शिकवून प्रिन्स्टनला गेले आणि आइनस्टाइन यांच्याशी त्यांच्या चर्चा झाल्या.

प्रिन्स्टनच्या यंत्राबद्दल थोडे अधिक लिहायला हवे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनिॲक हे प्रचंड यंत्र बांधणाऱ्या एकर्ट आणि मॉक्ली यांनी १९४६ साली पेटंटच्या हक्कावरून विद्यापीठ सोडले आणि स्वतःची कंपनी काढली. फॉन नॉयमान यांनी उलट वाट धरली. आपल्या यंत्राची रचना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अहवालांतून जगापुढे मोकळी ठेवली. परिणामी त्या आराखड्यावरून अमेरिकेत, स्वीडनमध्ये, इस्रायलमध्ये यंत्रे बांधली गेली. खुले आणि बंदिस्त यांच्यातील आजच्या भांडणाचे मूळ शोधायचे तर ते इथे सापडते. लिनक्सवाल्यांनी आपली वंशावळ फॉन नॉयमानपर्यंत नेली तर ते फार चुकणार नाहीत.

या खुल्या आराखड्याचा एक फाटा मुंबईत आला. कोसंबींच्याच संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुण मंडळींनी, ज्यांतील बहुतेकांनी असे यंत्र पूर्वी बांधलेले नव्हते, १९५५ साली एक छोटे प्रायोगिक यंत्र हाती घेतले. ते पुढच्या वर्षी चालू लागले. मग १९६० साली मोठे यंत्र आले, ज्याला जवाहरलाल नेहरूंनी १९६२ साली टिफ्रॅक हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. स्मृतीत ४० अंकी लांबीचे २,०४८ शब्द मावत. आजच्या हिशेबाने ही स्मृती जेमतेम दहा किलोबाइट भरते. लग्नाच्या निमंत्रणाचे एक छायाचित्रसुद्धा तीत मावणार नाही. त्या एवढ्याशा जागेत देशभरातल्या संशोधकांचे हिशेब झाले.

दुसरीकडे कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय संख्याशास्त्रीय संस्थेने विकत घेण्याचा मार्ग स्वीकारला. तिथे १९५३ साली समरेंद्रकुमार मित्र यांनी अनुरूप जातीचे एक लहान यंत्र घरी बांधले होते, पण पंचवार्षिक योजनेच्या आकड्यांना थांबायला सवड नव्हती. ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीचे एचईसी-२एम १९५५ साली कोलकात्याच्या बंदरात उतरले; भारतातला पहिला आकडी संगणक तो. त्यानंतर काही वर्षांतच सोव्हिएत रशियाचे उराल तिथे आले. ब्रिटिश यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली रशियन यंत्राला कळत नव्हती, रशियन यंत्राची अमेरिकन यंत्राला कळली नसती. एकाच इमारतीत दोन यंत्रे आणि दोन भाषा. एका कंपनीचा चार्जर दुसऱ्या फोनला लागत नाही म्हणून चरफडणाऱ्यांनी त्या काळच्या आज्ञालेखकांची अवस्था डोळ्यांपुढे आणावी.

मुंबई की कोलकाता, बांधायचे की घ्यायचे, राष्ट्रीय संगणक केंद्र कोणाकडे असावे, या प्रश्नांवर भाभा आणि महालनोबिस यांच्या संस्थांत बराच काळ ओढाताण चालली. दोन्ही बाजूंना आपापले शहाणपण होते. महालनोबिस यांना योजनेसाठी आज उत्तर हवे होते. भाभांना उद्या यंत्रे बांधू शकतील अशी माणसे हवी होती. माझे मत विचाराल तर बांधणाऱ्यांची बाजू मला अधिक पटते, यंत्रासाठी नव्हे तर माणसांसाठी. टिफ्रॅक पूर्ण झाले तेव्हा जग ट्रान्झिस्टरकडे वळले होते, म्हणजे यंत्र जन्मतःच म्हातारे होते; पण ते बांधताना शिकलेली मंडळी म्हातारी नव्हती. गंमत अशी की राष्ट्रीय केंद्राचे पारडे अखेर मुंबईकडे झुकले, आणि १९६४ साली तिथे बसवले गेले ते अमेरिकन मदतीने आणलेले कंट्रोल डेटा कंपनीचे ३६०० हे यंत्र. कोलकात्याने मात्र जादवपूर विद्यापीठाच्या साथीने १९६६ साली ट्रान्झिस्टरचे यंत्र स्वतः बांधले. दोन्ही पक्षांनी शेवटी एकमेकांच्या जागा घेतल्या!

हा मजकूर मी सौसर तालुक्यातल्या रामाकोन्यातून लिहितो आहे. कापूस-संत्र्यांचा, मराठी बोलणारा पण मध्य प्रदेशात राहिलेला हा मुलूख. नागपूर–छिंदवाडा मार्गावर इथून अडीच फुटी रुळांची छोटी गाडी शंभर वर्षांच्या आसपास धावली. इंग्रजी अमलात कोणीतरी स्वस्त पडते म्हणून तो अरुंद रूळ निवडला, आणि पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या रुळाचा डबा या गावात येऊ शकला नाही. माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागला. काही वर्षांपूर्वी छोटा रूळ उखडून मोठा टाकला तेव्हा तो फेरा सुटला. यंत्राची निवड एकदाच होते आणि दंड मात्र सगळे भरत राहतात, हे इथल्या माणसाला संगणकाविना ठाऊक आहे. गोव्यालाही ते ठाऊक असायला हवे. आशियातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला, पण आपल्या लिपीचे खिळे त्याच्यापाशी नव्हते. म्हणून फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन अक्षरांत छापावे लागले.

कोसंबींच्या आयुष्यात मात्र याहून मोठ्या यंत्राचा वाद उभा ठाकला होता. भाभा त्यांचे संस्थाप्रमुख होते आणि अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षही. १९५६ साली ट्रॉम्बेला अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली आणि अणू म्हणजेच आधुनिकता, असे समीकरण देशाच्या मनात रुजले. कोसंबी त्या समीकरणाच्या विरुद्ध उभे राहिले. जागतिक शांतता चळवळीत त्यांचा वाटा होता. तिच्या निमित्ताने ते रशिया आणि चीनला जाऊन आले होते. पण त्यांचा आक्षेप केवळ अण्वस्त्रांपुरता नव्हता. अणुविजेचा खरा खर्च लष्करी कार्यक्रमांच्या आड लपतो, तिचे घातक अवशेष पिढ्यान्‌पिढ्या उरतात, आणि भारतासारख्या उन्हाच्या, खेड्यांच्या देशाला सूर्याची ऊर्जा गावोगावी, जिथल्या तिथे वापरता येण्याजोगी आहे, असे त्यांनी लेखांतून आणि भाषणांतून वारंवार मांडले. मोठ्या धरणांपेक्षा अनेक लहान बंधाऱ्यांकडेही त्यांचा कल होता. केंद्रातून वाटले जाणारे एक महायंत्र की सर्वत्र विखुरलेली लहान साधने, हा तो वाद. सौरपत्रे त्या वेळी महाग आणि दुबळी होती, त्यामुळे व्यवहाराच्या दृष्टीने कोसंबी वेळेच्या फार पुढे होते. आज छपरांवर सौरपत्रे दिसू लागल्यावर त्यांना द्रष्टे ठरवणे सोपे आहे. त्या काळात ज्या माणसाच्या सहीने आपला पगार निघतो त्याच्याच कार्यक्रमाविरुद्ध बोलणे सोपे नव्हते.

त्यात त्यांनी स्वतःची बाजू स्वतःच दुबळी केली. १९५९ साली त्यांनी रीमानच्या गृहीतकाची, म्हणजे गणितातल्या सर्वांत अवघड मानल्या गेलेल्या न सुटलेल्या कोड्याची, संभाव्यतेच्या मार्गाने सिद्धता मिळाल्याचा दावा केला, आणि तो प्रसिद्ध केला कृषी-संख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात. सिद्धता टिकली नाही. गणितज्ञांत त्यांची प्रतिष्ठा डागाळली. इतिहासावरचे त्यांचे काम संस्थेच्या चौकटीत बसत नव्हते, पुण्याहून ये-जा करणेही अनेकांना खुपत होते. १९६२ साली संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. कारण अणूवरची टीका की रीमानची चूक की स्वभावातला तिखटपणा, असा एकच धागा निवडण्याचा मोह टाळलेला बरा; तिन्ही धागे त्या दोरीत आहेत. ते वाद घालताना समोरच्याला राखत नसत, हे त्यांच्या स्नेह्यांनीही मान्य केले आहे. नंतरच्या काळात काही गणिती निबंध त्यांनी एस. ड्यूक्रे या टोपणनावाने प्रसिद्ध केले.

हे सगळे चालू असतानाच ज्यामुळे आज ते वाचले जातात ते ग्रंथ आले. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची नवी दिशा दाखवणारा ग्रंथ १९५६ साली, ‘मिथ अँड रिॲलिटी’ १९६२ साली, प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचा ग्रंथ १९६५ साली. भर्तृहरीच्या काव्याची चिकित्सक आवृत्ती त्याआधीच, १९४८ साली, निघाली होती. या ग्रंथांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून इथे थांबत नाही. एवढेच नोंदवतो की हस्तलिखितांच्या पाठभेदांची वंशावळ लावणे आणि नाण्यांच्या वजनांतून काळ काढणे ही दोन्ही कामे मुळात गणनयंत्राला शोभणारी आहेत, आणि कोसंबींनी ती यंत्राविना केली. १९६४ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना सन्माननीय शास्त्रज्ञ म्हणून पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत जागा दिली.

आचार्य धर्मानंदांनी १९४७ च्या जूनमध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात अन्नत्याग करून देह ठेवला होता. मुलाला तसे निवांत मरण योजता आले नाही, पण त्यालाही ते झोपेतच आले: २९ जून १९६६ रोजी, पुण्यातील राहत्या घरी, एकोणसाठावे वर्ष पुरे होण्याच्या महिनाभर आधी. त्याच वर्षीच्या २४ जानेवारीला भाभा आल्प्स पर्वतावरील विमान अपघातात गेले होते. एकाच संस्थेतून निघालेल्या दोन परस्परविरोधी वाटा पाच महिन्यांच्या अंतराने संपल्या. गोव्याने नंतर त्यांच्या नावाचा विचारमहोत्सव सुरू केला, टपाल खात्याने २००८ साली त्यांचे तिकीट काढले.

संगणकात कोसंबींचे नाव उरले आहे ते एका वेगळ्याच ठिकाणी. १९४४ साली त्यांनी अनुवंशशास्त्रासाठी एक छोटे सूत्र दिले. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती दूर आहेत हे संततीत होणाऱ्या त्यांच्या अदलाबदलीवरून मोजतात. पण अंतर वाढले की दोहोंच्या मधल्या भागात दोनदा अदलाबदल होऊन हिशेब चुकतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ साली याचे एक सूत्र दिले होते. त्यात एका ठिकाणची अदलाबदल शेजारच्या ठिकाणावर काही परिणाम करत नाही, असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात एक अदलाबदल जवळच दुसरी होऊ देत नाही. कोसंबींनी हा अडथळा सूत्रात आणला. हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात स्थायिक झाले, महालनोबिस यांच्या संस्थेत काही वर्षे राहिले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. भात, गहू, लिंबूवर्गीय झाडे यांचे जनुकीय नकाशे तयार करणाऱ्या आजच्या संगणक कार्यक्रमांत अभ्यासकाला आरंभीच एक निवड करावी लागते. पडद्यावर दोन नावे येतात, हाल्डेन आणि कोसंबी. संशोधक त्यावर वाद घालतात, काही कार्यक्रमांत आपसूक एक नाव निवडलेले असते, काहींत दुसरे. आणि कार्यक्रम विंडोजवर चालो की लिनक्सवर, ती दोन नावे तिथे असतातच.